तांबड्या तारखांचे गणित

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बेळ्ळंदूरच्या घरी दोन दिनदर्शिका येतात. एक कन्नड, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने प्रेमाने दिलेली. दुसरी मराठी, मिरजेहून आईने धाडलेली. भिंतीवर लागण्यापूर्वी दोन्ही माझ्यापुढे येतात आणि मी शिसपेन्सिल घेऊन बसतो. पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांच्या मुद्रेवर जे गांभीर्य असते तेच त्या वेळी माझ्या मुद्रेवर असते, असे घरच्या मंडळींचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. मी मुहूर्तच शोधत असतो; मात्र लग्नमुंजीचा नव्हे, रजेचा.

केंद्र सरकारच्या नोकराला वर्षाकाठी आठ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. कचेरीत तिला सारे किरकोळ रजा म्हणतात; परंतु तिच्याइतकी जिवापाड जपलेली वस्तू दुसरी नसेल. याखेरीज तीस दिवसांची अर्जित रजा असते; ती १ जानेवारीस पंधरा आणि १ जुलैस पंधरा अशी खात्यावर जमा होते. शिवाय दोन ऐच्छिक सुट्या. या दोन रजांच्या स्वभावात मोठा मौजेचा भेद आहे. नैमित्तिक रजेच्या मधोमध रविवार अगर सण आला तर तो रजेत धरीत नाहीत. अर्जित रजेच्या पोटात आलेला रविवार मात्र ती गिळून टाकते. तिच्या आधीची व नंतरची सुटी तेवढी परवानगीने जोडता येते.

याचा अर्थ कळण्यासाठी २०२५ सालचा एप्रिल आठवावा. दहा तारखेला गुरुवारी महावीर जयंती, चौदाला सोमवारी डॉ. आंबेडकर जयंती, अठराला गुड फ्रायडे; मधे शनिवार-रविवार. अकरा, पंधरा, सोळा आणि सतरा अशा चारच नैमित्तिक रजा टाकल्या की दहापासून वीसपर्यंत सलग अकरा दिवस आपले. तेच अकरा दिवस अर्जित रजेने घेतले, तर अकरापासून सतरापर्यंतचे सात दिवस खर्ची पडतात. दिवस तेच, प्रवास तोच. किंमत मात्र चार किंवा सात. हा शोध लागला त्या रात्री मला जो आनंद झाला, तो एम. ए.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

परंतु पंचांग सरकारी नोकराच्या सोयीने चालत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा-एक दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला शनिवारी आली आणि पाच दिवसांचा आठवडा असलेल्या आमच्यासारख्यांची सुटी फुकट गेली. २०२५ साली ती २७ ऑगस्टला, नेमक्या बुधवारी. म्हणजे ना अलीकडचा काठ ना पलीकडचा. २०२३ साली तर कर्नाटकात गणपतीची सुटी १८ सप्टेंबरला आणि महाराष्ट्रात १९ला. आमच्यासारख्या सीमेच्या दोन्ही अंगांना घरे असलेल्यांनी कोणत्या गणपतीला नमस्कार करावा? २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधी जयंतीच्याच दिवशी आला. दोन सुट्या एका दिवसात विरघळल्या. जपानात सुटी रविवारी आली तर तिची भरपाई पुढे मिळते, आणि दोन राष्ट्रीय सुट्यांच्या मधे अडकलेला दिवस कायद्यानेच सुटीचा ठरतो. जर्मन लोक अशा मधल्या दिवसाला ‘पुलाचा दिवस’ म्हणतात. आपल्याकडे हा पूल ज्याने त्याने आपल्या रजेच्या विटांनी बांधायचा.

बेळ्ळंदूर हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. आता बाह्य वर्तुळ रस्त्याच्या दुतर्फा संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत देशाच्या सर्व प्रांतांतली माणसे काम करतात. जोडसुटीच्या आदल्या संध्याकाळी इब्लूरच्या चौकात उभे राहावे. चाकांच्या पेट्या ओढीत चाललेली ही सारी तरुण मंडळी घराकडे निघालेली दिसतात. खासगी बसचे भाडे त्या दिवशी ओळखू येत नाही. रेल्वेचे आरक्षण पूर्वी चार महिने आधी खुले होई. १ नोव्हेंबर २०२४पासून ते साठ दिवसांवर आले. तेव्हा साठावा दिवस मोजून सकाळी आठ वाजता सज्ज राहणे आले.

आणि याच इमारतींच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी? त्याच्या दिनदर्शिकेत तांबडा रंग फार थोडा. आपण रविवार गृहीत धरतो, पण तोही कोणी तरी मिळवलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली. सभा, अर्ज, वाटाघाटी यांत वर्षे गेली, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. स्वतंत्र भारताच्या १९४८च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची पगारी रजा दिली. वीस दिवसांस एक! माझ्या पेन्सिलीचे सारे चातुर्य या हिशेबापुढे चैनीचे वाटू लागते.

कचेरीतही या गणिताला दुसरी बाजू आहे. ३ ऑक्टोबर २०२५चा शुक्रवार घ्या. बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा. एका रजेत पाच दिवस. माझ्या शाखेतल्या आठांपैकी सहांनी त्या दिवसाचे अर्ज दिले, आणि सर्वांत वरचा अर्ज माझाच होता. मी तो जानेवारीतच लिहून ठेवला होता. मंजूर कोणाचे करावे? अखेर तिघांना होकार आणि तिघांना नकार दिला. होकारांत मी होतो. त्याच महिन्यात बिहारकडचा एक तरुण सहकारी छटपूजेसाठी चार दिवस मागायला आला. बेंगळुरात त्याच्या सणाला सरसकट सुटी नाही. त्याला ती ऐच्छिक सुटी आणि रजा जोडून मिळवावी लागते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वजण गेले तेव्हा कचेरी सांभाळणाऱ्यांत तोच होता. त्याचा अर्ज मी वाचल्याबरोबर सही करून परत दिला. पण त्याच्या डोळ्यांकडे पाहण्याचे मी टाळले, हेही सांगितले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण लिहायला घेतले तिच्याकडे येतो. त्याच वर्षी जुलैत आईचा दूरध्वनी आला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ५ ऑगस्टला, मंगळवारी ठरली होती. “काही नाही रे बाळ, पंधरा मिनिटांचं काम आहे. तू धावपळ करू नकोस,” ती म्हणाली. माझ्यापाशी नैमित्तिक रजा दोनच उरल्या होत्या; एक ३ ऑक्टोबरसाठी आणि एक २६ डिसेंबरसाठी राखलेली. अर्जित रजा अडीचशे दिवसांच्या पुढे साठली होती. पण तिला हात लावायचा नाही, हा माझा नेम. तीनशे दिवसांपर्यंतच्या शिल्लक रजेचे निवृत्तीच्या वेळी पैसे मिळतात. मंगळवारसाठी ती मोडणे मला उधळेपणाचे वाटले. १५ ऑगस्ट शुक्रवारी होता, जोडून तीन दिवस मिळत होते. मी आईला कळवले, पंधराला येतो.

मी पोहोचलो तेव्हा डोळ्यावरची पट्टी केव्हाच निघालेली होती. आई काळा चष्मा लावून तांदूळ निवडीत बसली होती. शस्त्रक्रियेच्या दिवशी पुण्याहून धाकटी बहीण आली होती. तिची नोकरी खासगी, रजा संपलेली; ती दोन दिवस बिनपगारी राहिली. हे मला तिने नाही सांगितले, आईच्या बोलण्यात ओघाने आले. मी त्या तीन दिवसांत काय केले? जेवलो, झोपलो आणि परतीच्या गाडीचे आरक्षण पुनःपुन्हा तपासले. बहिणीला दूरध्वनी केला तेव्हा ती म्हणाली, “दादा, तुझी अर्जित रजा किती रे आहे?” मी आकडा सांगितला. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग मुलाच्या शाळेविषयी बोलू लागली.

यंदा आईकडून आलेल्या दिनदर्शिकेत एक खूण आधीच होती. एका बुधवारभोवती तिने निळ्या शाईने वर्तुळ काढून पाठवले आहे. दुसऱ्या डोळ्याची तारीख. तो आठवडा मी नीट पाहिला; त्यात तांबडी तारीख एकही नाही, पुढे-मागे सणवार काही नाही. सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची अर्जित रजा मागणारा अर्ज मी दिला आहे. बहिणीलाही कळवले आहे की तिने या वेळी यायचे नाही.

अलीकडचे आणि पलीकडचे शनिवार-रविवार जोडण्याची परवानगी मात्र त्याच अर्जात मागितली आहे. सवय जात नाही.