रोझेनझ्वाईग : संवादाचे तत्त्वज्ञान

फ्रान्झ रोझेनझ्वाईग या जर्मन ज्यू विचारवंताने आपला मुख्य ग्रंथ लिहायला घेतला तो १९१८ साली, मॅसिडोनियाच्या आघाडीवर. लष्करी पोस्टकार्डांवर मजकूर लिहायचा आणि आईकडे धाडायचा. ‘मुक्तीचा तारा’ हा तो ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचा जन्म १८८६ चा, कासेल शहरातल्या सुखवस्तू घरातला. घरात धर्म नावापुरताच. नात्यातले काहीजण ख्रिस्ती झाले होते. १९१३ साली यांनीही तेच ठरवले. त्याच वर्षी योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस त्यांनी बर्लिनच्या एका सिनेगॉगमध्ये घालवला आणि तिथे मन बदलले, असे सांगतात. चरित्रकारांनी त्यावर पुष्कळ तर्क लढवले आहेत. मी त्यांत भर घालत नाही. एवढे खरे की ते ज्यूच राहिले.

हेगेलवर प्रबंध लिहिलेल्या या माणसाचे भांडण हेगेलशीच होते. सारे विश्व एका सूत्रात बसवणारे तत्त्वज्ञान खंदकातल्या माणसाला काय सांगणार? मरण म्हणजे काहीच नाही, एवढेच. रोझेनझ्वाईग म्हणतात, ती भीती खरी आहे. विचार तिथूनच सुरू करा. देव, जग आणि माणूस ही तिन्ही वेगळी. एकाचे दुसऱ्यात विसर्जन होत नाही. अद्वैताच्या संस्कारात वाढलेल्यांना हे चटकन पटणार नाही. मलाही ते सहजी पचलेले नाही. पण पुढचा मुद्दा मोलाचा आहे. खरा विचार बोलण्यातून होतो, आणि बोलायला दुसरा माणूस लागतो. तो काय उत्तर देईल हे आधी ठाऊक नसते.

म्हणूनच प्राध्यापकी नाकारून १९२० साली त्यांनी फ्रँकफर्टला प्रौढांसाठी ज्यू विद्यालय चालवायला घेतले. बूबर, एरिक फ्रॉम, शोलेम तिथे शिकवून गेले.

१९२२ मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने त्यांना गाठले. हात गेले, मग वाचाही गेली. पत्नी एडिथ एकेक अक्षर ओळखून वाक्य कागदावर उतरवीत. अशा अवस्थेत १९२५ पासून त्यांनी मार्टिन बूबर यांच्यासह हिब्रू बायबलचे जर्मन भाषांतर आरंभले. १० डिसेंबर १९२९ रोजी ते गेले, तेव्हा यशयाचे पुस्तक चालू होते. बूबर यांनी ते काम १९६१ साली जेरुसलेममध्ये पुरे केले. ज्या जर्मन ज्यूंसाठी ते होते, ते तोवर मारले गेले होते किंवा देशोधडीला लागले होते. गौरवाच्या कार्यक्रमात शोलेम यांनी हे बूबर यांच्यासमोरच बोलून दाखवले.