शालीची शेवटची ओळ

शिक्रापूर भागात आता गारवा उरला आहे तो पहाटेपुरता. होळी झाली, शेतात कांद्याची काढणी चालू आहे. अशा दिवसांत लोकरीचं विणकाम घेऊन बसलेल्या बाईला घरचे विचारतात, "आता शाल कुणाला?" मी म्हणेन, शाल पुरी करायला हाच खरा काळ आहे.

घरात हातविणीची शाल असेल तर जवळ घ्या. नक्षी नंतर पाहू. आधी शाल उलटी करा. नवा गुंडा जोडला तिथे गाठ लागते का? कसबी हात गाठ मारत नाही. धाग्याची टोकं बोथट सुईने टाक्यांतून आत ओवून टाकतो. आता काठ पाहा. इतके दिवस सैल चाललेला हात टाके बंद करताना घाईला येतो, आवळतो, आणि शाल त्या बाजूला गोळा होते. म्हणून जाणत्या बायका शेवटच्या ओळीला जाड सुई घेतात. काठ दोन्ही हातांनी ताणून पाहा. अंग जितकं पसरतं तितकाच काठ पसरला पाहिजे.

आपल्याकडची लोकरीची जुनी वस्तू म्हणजे धनगराच्या खांद्यावरची घोंगडी. ती मागावर होते. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. उभे धागे ताठ, त्यांतून आडवा धागा जातो, आणि कापड मागावरच आकार घेतं. सुयांवरच्या शालीचं तसं नाही. एकच धागा, फासातून काढलेला फास. जाळीची वीण असेल तर सुईवरून उतरताना ती आखडलेली, भोकं मिटलेली असते. पहिल्यांदा विणणारी तिथेच खट्टू होते.

या शालीला आकार पाणी देतं. गार पाण्यात भिजू द्यायची, चोळायची नाही, पिळायची नाही. टॉवेलात गुंडाळून दाबायची. मग चादरीवर पसरून, मधून कडेकडे ओढत, न गंजणाऱ्या टाचण्यांनी ताणून बसवायची. दोरीवर टाकली तर पाण्याच्या भाराने लोंबते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर तर धुतलेली शाल लाकडी चौकटीवर ताणत; तिथल्या काही शाली इतक्या तलम की अंगठीतून आरपार निघत.

आणि इथे आपला फाल्गुन-चैत्र कामी येतो. लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल पोटात ठेवू शकते, तरी हाताला कोरडी लागते. श्रावणात अशी शाल फसवते. टाचण्या काढल्या की पुन्हा आखडते. आत्ताच्या कोरड्या हवेत ती सावलीतसुद्धा आतपर्यंत वाळते, आणि मिटलेली जाळी उघडून नक्षी पहिल्यांदा नीट दिसते. नक्षी पाहायची वेळ ही.

एक मात्र पाहून घ्या. दुकानात लोकर म्हणून मिळते ती पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असते. नुसत्या पाण्याने ती ताणलेला आकार धरत नाही. गुंड्यावरची चिठ्ठी वाचूनच घ्या.

वाळलेली शाल सुती कापडात गुंडाळा, कडुलिंबाचा सुकलेला पाला ठेवा. न धुता मात्र ठेवू नका. घामा-तेलाचा अंश राहिलेल्या लोकरीलाच कसर आधी लागते. दिवाळीनंतर शाल बाहेर काढाल, तेव्हा आधी काठ ताणून पाहा.