हसायचं, पण कोणाला?

(कोपरी, ठाणे पूर्व येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



चळवळीतल्या बायकांबद्दल लोकांचा एक समज पक्का आहे : यांना हसता येत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सुप्रभात येतं आणि दुपारी बायकोवरचा विनोद. बायको माहेरी गेली की नवऱ्याला स्वातंत्र्य मिळतं, बायको बाजारात गेली की त्याचं दिवाळं निघतं. आपण गप्प राहिलो की लगेच विचारतात, "वहिनी, गंमत कळत नाही का?"

कळते हो. पण तीच ती किती वर्षं ऐकायची? शिळा भातसुद्धा आपण फोडणी देऊन वाढतो!

खरं तर टर उडवण्यात आपण कधीच मागे नव्हतो. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या अब्रूचा पंचनामा सुरू झाला. त्यावर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांची अशी हजेरी घेतली की विचारू नका. ते पुस्तक पुढे विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं 1975 साली, नेमकं आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. 1983 मध्ये स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. गाण्यांनी आणि हशाने जे पोचलं, ते नुसत्या ठरावांनी पोचलं नसतं.

आणि आपला उखाणा? नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही बंदी. बायकांनी त्या बंदीचाच खेळ करून टाकला.

आता राजकारण बघा. 2011 पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. तरी फलकावर पाहा, उमेदवार बाई आणि मोठा फोटो तिच्या नवऱ्याचा! 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली, महिना 1500 रुपये. ते जरूर घ्या, पैसा जनतेचाच आहे. पण 'नागरिक' म्हटलं की बाई हक्क मागते, 'बहीण' म्हटलं की ओवाळते. ओवाळणी खात्यात जमा होते. स्वच्छतागृहाचं विचारलं की भाऊ फोन उचलत नाही.

हसण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समुपदेशनाला आलेली बाई पुष्कळदा मारहाणीचं आधी बोलत नाही. ती सांगते, "पाहुण्यांसमोर माझ्या रंगावरून हसतात, मूल नाही म्हणून हसतात." नवऱ्याला बोलावलं की तो म्हणतो, "मॅडम, मी गंमत केली."

ही गंमत कायद्यालाही मान्य नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. अपमान करणं, टर उडवणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हे सारं त्यात शाब्दिक आणि भावनिक छळात धरलं आहे. तेव्हा कोण, कधी, कोणासमोर, काय बोललं, ते तारखेसह लिहून ठेवा. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना ती वही कामाला येते.

मग कशाला हसायचं आणि कशाला नाही? माझी कसोटी सोपी आहे. जिच्यावर हसतो, तिला उलट बोलता येतं का? येत नसेल, तर तो विनोद नाही, तो मारच आहे, फक्त वळ दिसत नाहीत. उलट, ज्याच्या हातात सत्ता आहे, मग ती घरातली असो की पालिकेतली, त्याच्यावर पोटभर हसा. भीती जरा कमी होते, आणि भीती कमी झाली की बाई बोलायला लागते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने नवा उखाणा आणायचा आहे. सुरुवात मी करते :

धुणं झालं, भांडी झाली, ओट्यावर उकळतोय चहा,
अमुकराव, पेपर खाली ठेवून एकदा गाळून पाहा!