दुसऱ्याच्या खांद्यावरची बंदूक

(गोवा मुक्तिदिनानिमित्त हुबळी येथे मराठी भाषिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



हुबळी-धारवाड हा आमच्या मागणीतील मुलूख नव्हे, हे प्रारंभीच सांगतो. ज्या धारवाडात राहून जी. ए. कुलकर्णी यांनी मराठी कथा लिहिली आणि घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्रे यांनी ज्या धारवाडात कन्नड कवितेला वैभव आणले, तेथे येऊन भाषेच्या नावाने बाह्या सरसावणे मला शोभणार नाही. मी आज बोलणार आहे ते गोव्याविषयी, आणि गोव्याच्या निमित्ताने बड्या राष्ट्रांच्या चढाओढीविषयी. हा विषय दूरचा वाटेल. परंतु तो आपल्या हुबळीच्या रेल्वेफलाटापर्यंत येऊन पोचला होता. येथून लोंढा आणि कॅसलरॉक ह्या मार्गाने मुरगाव बंदराकडे जाणारी आगगाडी १९५५ साली सरहद्दीवर थांबली आणि गोवा मुक्त होईपर्यंत थांबलेलीच राहिली.

त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे धारातीर्थी पडली. त्यांच्यात समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, जनसंघाचे होते आणि कोणत्याच पक्षाचे नसलेलेही होते. ह्या रक्ताची दखल जगाने कशी घेतली? तीन महिन्यांनी बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतात आले व गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा त्यांनी जाहीर निषेध केला. लगेच २ डिसेंबर १९५५ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांचे संयुक्त निवेदन प्रसिद्ध झाले. त्यात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा ‘प्रांत’ असा होता! सालाझारने १९५१ मध्ये घटना दुरुस्त करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे गोंडस नाव दिलेच होते. ते नाव अमेरिकेने उचलले.

दोघांपैकी कोणालाही पणजी-मडगावच्या माणसाशी कर्तव्य नव्हते. पाकिस्तान १९५४ मध्ये सीटो करारात आणि १९५५ मध्ये बगदाद करारात गेले होते. तेव्हा भारताला जवळ करणे ही रशियाची गरज होती. पोर्तुगाल हे नाटोचे संस्थापक राष्ट्र, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या अमेरिकी विमानांना त्याच्या अझोर्स बेटांवरील तळ हवा होता. गोवा हे दोघांच्याही हिशेबात केवळ एक कलम होते.

आता १८ डिसेंबर १९६१ च्या दिवसाकडे येऊ. बेळगावच्या बाजूने भारतीय सेना गोव्यात शिरली होती, सांबऱ्याहून विमाने उडाली होती. त्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा समिती बसली. भारताने लढाई थांबवावी आणि सैन्य मागे घ्यावे, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी मांडला. त्याच्या बाजूने सात मते पडली, विरुद्ध चार. तेव्हाच्या अकरा सभासदांच्या समितीत सात मतांनी ठराव संमत होत असे. तो अडला, कारण चार विरोधी मतांपैकी एक सोव्हिएत रशियाचे होते आणि त्याला नकाराधिकार होता. उरलेली तीन मते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांची. ह्या तिघांची आठवण आपण ठेवीत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांच्या मताने ठराव अडणार नव्हता. तरीही वसाहतवादाविरुद्ध ती राष्ट्रे उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा शरण आला. साडेचारशे वर्षांचे राज्य छत्तीस-एक तासांत संपले.

रशियाचा तो नकाराधिकार उपयोगी पडला, यात शंका नाही. पण ज्या रशियाने गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी हात वर केला, त्याच रशियाचे रणगाडे १९५६ च्या नोव्हेंबरात बुडापेस्टच्या रस्त्यांवर फिरले होते. आणि ज्या केनेडींचा प्रतिनिधी आपल्याविरुद्ध बोलला, त्याच केनेडींच्या सरकारने १५ मार्च १९६१ रोजी अंगोलाच्या प्रश्नावर, रशियाच्या जोडीने, पोर्तुगालविरुद्ध मत दिले होते. पुढे अझोर्सच्या कराराची मुदत १९६२ अखेर संपते आहे, हे पोर्तुगालने जाणवून दिले आणि अमेरिकेचा आवाज खाली आला. असे हे तत्त्वज्ञान! एका बाजूला स्वतंत्र जग, दुसऱ्या बाजूला श्रमिकांचे जग, आणि मधे विमानतळाचे भाडे.

अंगोलाचे नाव मी सहज घेतले नाही. गोव्याप्रमाणे तोही पोर्तुगालच्याच जोखडाखाली होता. १९७५ च्या ११ नोव्हेंबरला तो स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे मुक्तिलढवय्ये तीन गटांत फुटलेले होते. एका गटाच्या मागे रशियाची शस्त्रे आणि क्यूबाचे सैनिक, इतरांच्या मागे अमेरिकेचा पैसा व दक्षिण आफ्रिकेचे सैन्य. बड्यांनी दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवली; गोळी सुटली ती त्याच देशातील शेतकऱ्यावर. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये नाहीसा झाला, चढाओढ संपली, तरी अंगोलातील यादवी २००२ पर्यंत थांबली नाही. बंदूक ठेवणारे निघून गेले, खांदे मात्र एकमेकांना ओळखीनासे झाले होते.

गोव्याचा अंगोला का झाला नाही? गोवा लहान आणि भारत शेजारी, हे मोठे कारण आहेच. ते मी लपवीत नाही. परंतु आणखी एक कारण आहे. आपल्याकडेही पक्षांत कमी तेढ नव्हती. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त करताना कोणी आधी पोचावे याची चढाओढ झाली. तथापि, मॉस्कोची किंवा वॉशिंग्टनची बंदूक कोणी आपल्या खांद्यावर घेतली नाही. भांडण झाले ते घरच्या ओसरीवर, घरच्याच शब्दांत.

बंधूंनो, हीच परीक्षा संयुक्त महाराष्ट्र समितीचीही झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात समिती स्थापन झाली आणि त्याच वर्षी हंगेरीचे प्रकरण घडले. एस. एम. जोशी आणि डांगे यांची ह्या प्रश्नावरची मते दोन टोकांची. जगभर समाजवादी व कम्युनिस्ट एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नव्हते. इकडे मात्र १९५७ ची निवडणूक समितीने एकत्र लढविली आणि मुंबईसह पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला धूळ चारली. हंगेरीवर ते भांडले नाहीत असे नव्हे. त्या भांडणाला समितीच्या व्यासपीठावर जागा दिली नाही इतकेच. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पण त्याआधीच, १९५९ पासून, चीनच्या प्रश्नाने दोघांतील अंतर वाढू लागले होते. राज्य मिळताच एकजूट ओसरली. तेव्हा बेळगाव, कारवार, निपाणी म्हैसूर राज्यात होती. त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. ज्यांनी तो एकत्रितपणे लढवायचा ते आपापल्या जागतिक छावण्यांत परतले. आमचा सीमाभाग पोरका झाला तो केवळ महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने नव्हे. त्याची सुरुवात ह्या पांगापांगीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आज मॉस्को-वॉशिंग्टनची जागा दिल्लीतील पक्षांनी घेतली आहे. महाराष्ट्राचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तिकडे मुंबईत सीमाबांधवांसाठी अश्रू ढाळणारे पुढारी निवडणूक आली की बेळगावात येऊन समितीच्या उमेदवाराविरुद्ध आपल्या पक्षासाठी मते मागतात. हे त्यांच्या दृष्टीने चुकीचेही नसेल; त्यांचा हिशेब वेगळा आहे. पण आपले खांदे आपण का द्यावेत? २०१८ मध्ये समितीचे गट एकमेकांसमोर उभे राहिले. २०१८ व २०२३ ह्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीला एकही जागा मिळाली नाही.

दोष मी दुसऱ्यावर ढकलणार नाही. २०१८ साली माझ्या अग्रलेखांनी एका गटाची बाजू घेतली होती. येथे येण्यापूर्वी ते अग्रलेख मी पुन्हा वाचले. त्यांत खटल्याचा उल्लेख एकदा आहे, कारवारचा एकदाही नाही. दिल्लीत कोणाचे राज्य असावे, यावर मात्र रकानेच्या रकाने भरलेले आहेत. पुढच्या निवडणुकीपूर्वी दोन्ही गटांच्या कार्यकर्त्यांना एका बैठकीला बोलवावे, अशी सूचना मी मांडली आहे. दोन्हीकडून अद्याप होकार आलेला नाही. आपले आप्तस्वकीय दोन्ही गटांत आहेत. ह्या आठवड्यात त्यांना एक-एक पत्र लिहा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.