पडदा बदलला, सेशन नाही

आजचा विषय छोटा आहे, पण सामायिक कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या कामाचा. लिनक्सवर दुसऱ्याचं सेशन नीट कसं संपवायचं?

मी वडनेरचा. हिंगणघाट तालुका, नागपूर-हैदराबाद महामार्ग. गावातल्या एका संगणक वर्गात जुन्या मशीनवर लिनक्स आहे, एकेका मशीनवर दिवसभरात पाच-सहा पोरं बसतात. तिथले सर मला फोन करतात, "दादा, कोणीच नाही बसलं, तरी हे कायले अडकते?" बघावं तर आधीच्या मुलीनं लॉगआऊटऐवजी 'स्विच यूजर' दाबलेलं. पडदा बदलला, सेशन जिवंतच! ब्राउझर, अर्धवट टाइप केलेला भरतीचा अर्ज, सगळं मेमरीत.

अशा वेळी हात आपोआप 'किल मायनस नाइन'कडे जातो. हा 9 नंबरचा सिग्नल प्रोग्रॅमला अडवता येत नाही, कर्नल त्याला थेट संपवतो. डिस्कवर काही लिहून घ्यायला सवडच नाही. म्हणजे त्या पोरीचा अर्ज गेला. 15 नंबरचा 'टर्म' मात्र सांगून येतो, की बाबा, आवर आता. चांगला प्रोग्रॅम ते ऐकून फाइली बंद करतो. (1 नंबरचा 'हँगअप' तर टेलिफोन लाइनवरच्या टर्मिनलांच्या काळातला. लाइन तुटली की तो जायचा, नावही तिथूनच आलं.)

पण टर्म मिळाला म्हणून सेव्ह न केलेलं वाचेलच, असं नाही. त्यामुळे आधी माणसाला हाक मारा. गावात हे सोपं आहे, पोरगी बाहेर चहाच्या टपरीपाशीच असते. दूरच्या सर्व्हरवर 'वॉल' कमांडनं निरोप टाका.

मग 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स'. नंबर बघा आणि 'टर्मिनेट-सेशन'पुढे तो द्या. एवढं एकच सेशन जातं. 'टर्मिनेट-यूजर' दिलं तर त्या यूजरची सगळीच जातात, तेव्हा जपून. सिस्टमडी आधी टर्म पाठवतं, सहसा 90 सेकंद वाट बघतं आणि मगच 9 वापरतं. त्या दीड मिनिटातच लोकांचा धीर सुटतो आणि पॉवरचं बटण दाबलं जातं. नका दाबू!

एसएसएचवाल्यांची गोष्ट वेगळी. मे 2016 मध्ये सिस्टमडी 230 आलं आणि लॉगआऊट होताच मागे उरलेल्या प्रोसेस मारायच्या, हे त्यात मूळ सेटिंग झालं. रात्रभर टीमक्समध्ये काम लावून जाणारे भडकले. डेबियननं ते सेटिंग बंदच ठेवलं. माझ्या मते ते बरोबर होतं, पण मग उरलेलं झाडून काढणं ॲडमिनच्या गळ्यात.

आणखी एक. कुणी काम सोडून गेलं की त्याचं खातं लॉक करून आपण निवांत होतो. लॉक फक्त पुढचं पासवर्डनं होणारं लॉगिन अडवतं. आत बसलेला आतच असतो, आणि एसएसएच की असेल तर पुन्हाही येऊ शकतो. आधी खात्याची मुदत संपवा, की काढा, आणि लगेच 'टर्मिनेट-यूजर' चालवा. क्रम उलटा केलात तर मधल्या मिनिटात तो परत आत शिरलेला असेल.