सभागृह गाते तेव्हा
(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने गाण्यावर बोलावे, हा थोडा अधिकारभंगच आहे. तरीही पीट सीगर या अमेरिकन लोकगायकाच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. गाणे बाजारात गेल्यावर त्यात काय शिल्लक राहते, हा प्रश्न माझ्याही शास्त्राच्या कक्षेत येतो.

८ जून १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेली सीगर यांची मैफल मी विद्यार्थिदशेत मित्राच्या टेपरेकॉर्डरवर ऐकली. प्रथम निराशाच झाली. आवाज साधा, साथीला स्वतःचाच बँजो वा गिटार, मधूनमधून बोलणे, हशा, टाळ्या. स्टुडिओत हे सारे गाळले गेले असते. पण दोन-तीन वेळा ऐकल्यावर ध्यानात आले की, मी ज्याला व्यत्यय समजत होतो तोच त्या ध्वनिमुद्रणाचा प्राण होता. सीगर पुढची ओळ आधी बोलून दाखवीत आणि मग सारे सभागृह ती गात असे. कीर्तनकार आणि टाळकरी यांचे नाते ज्याने पाहिले आहे, त्याला हे निराळे सांगावे लागणार नाही.

ही पद्धत केवळ रंगमंचीय युक्ती नव्हती. ऑगस्ट १९५५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीपुढे सीगर यांनी आपल्या राजकीय मतांविषयी आणि सहकाऱ्यांविषयी उत्तरे देण्याचे नाकारले. असे प्रश्न कोणाही नागरिकाला विचारणेच गैर आहे, ही त्यांची भूमिका होती. १९६१ साली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. ती १९६२ मध्ये अपिलात रद्द झाली. या काळात मोठ्या दूरचित्रवाणी वाहिन्यांची दारे त्यांना बंद होती. उरली ती महाविद्यालये, मुलांची शिबिरे आणि छोटी सभागृहे. ज्याचे प्रक्षेपण बंद पडले, त्याने श्रोत्यांच्याच कंठात आपले गाणे ठेवले.

१९६३ च्या त्या मैफलीपूर्वी महिनाभरच अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध निघालेल्या शाळकरी मुलांना शेकड्यांनी अटक झाली होती. सीगर यांनी तेथील गाणी त्या हकिकतींसह सभागृहात आणली. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे गीतही त्यांत होते. १९४५ च्या सुमारास चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगारांच्या, मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्या, संपात त्याचे पूर्वरूप गायले गेले होते. गिरिजाकुमार माथुर यांच्या हिंदी रूपात आपण सर्वांनी ते शाळेत म्हटले आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो मी टाळू इच्छित नाही. तुरुंगात गेली ती बर्मिंगहॅमची मुले. गाण्याचे समाधान मिळाले ते तिकीट काढून आलेल्या न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना. शिवाय तबकडी विकली कोलंबिया कंपनीने, जी सीबीएस या प्रसारण-समूहाच्या मालकीची होती. याच सीबीएसने १९६७ साली सीगर यांचे युद्धविरोधी गीत दूरचित्रवाणी कार्यक्रमातून कापले आणि काही महिन्यांनी, १९६८ मध्ये, ते दाखवू दिले. भांडवलाला निषेधाचे वावडे नसते. तो कोठे, किती आणि कोणत्या किमतीला विकला जावा एवढेच त्याला ठरवायचे असते.

मालकीचा हिशेबही सरळ नाही. सीगर ज्या ‘वीव्हर्स’ गटात होते, त्या गटाचे ‘विमोवे’ हे लोकप्रिय गाणे मुळात दक्षिण आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडा यांची १९३९ ची रचना. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारले. वारसांना तडजोडीने न्याय मिळण्यास २००६ साल उजाडले. उलट ‘वी शॅल ओव्हरकम’चे मानधन चळवळीच्या निधीला जात राहिले आणि २०१८ साली ते गीत सार्वजनिक मालकीचे झाले. लोकगीत म्हणजे बेवारस माल नव्हे, हा धडा आपल्याकडील शाहिरी व लोककलांच्या संग्राहकांनीही घ्यावा.

मग या ध्वनिमुद्रणांचे मोल काय? माझे उत्तर असे की, क्रयवस्तू झाल्यावरही त्यांत एक जागा रिकामी राहते. गायक थांबतो आणि सभागृह गाते, त्या क्षणी ऐकणाऱ्यालाही तोंड उघडावेसे वाटते. निर्दोष स्टुडिओ-ध्वनिमुद्रण श्रोत्याला ग्राहक करते. हे त्याला, निदान त्या ओळीपुरते, सहभागी करते. तो सहभाग म्हणजे संघर्ष नव्हे, हे खरेच. पण ज्यांनी एकत्र कधी आवाज काढला नाही, ते एकत्र उभे राहतील अशी अपेक्षा धरणे कठीण आहे.

मध्यंतरी एका मोर्चात मी गेलो होतो. ‘हम होंगे कामयाब’ कोणीतरी मोबाईलवरून ध्वनिक्षेपकावर लावले. आवाज उत्तम होता. आम्ही सारे चहा पीत उभे होतो. कोणी गात नव्हते, मीही नाही. आपल्या सभांत आता गाणी लावली जातात, गायली जात नाहीत. याची जबाबदारी तंत्रावर ढकलता येणार नाही. पुढच्या सभेत ध्वनिमुद्रित गाणे लावू नये, एवढीच माझी सूचना आहे. सुरुवात कोणी करायची हा प्रश्न निघाला तर मी करीन. सूर लागणार नाही. तो लावून घेणे तुमचे काम.