उत्साह, उत्कंठा आणि उत्तेजन



एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, साथीच्या संकटात सुरू झालेला वास्कोचा दामोदर सप्ताह जवळ आला की मुरगावच्या घराघरांत जे वातावरण असते, त्याला इंग्रजीत 'एक्साइटमेंट' म्हटल्यास कोणी हरकत घेणार नाही. मराठीत मात्र लेखणी थबकते. चोवीस तासांच्या अखंड भजनात पहाटेची पाळी धरून बसलेल्या गृहस्थाच्या ठिकाणी उत्साह असतो. फेरीतून काय मिळेल म्हणून अंगणात येरझारा घालणाऱ्या मुलाच्या ठिकाणी उत्सुकता असते. बोटीवर नोकरीस असलेला मुलगा सप्ताहाला तरी घरी पोहोचेल काय, या विचाराने वाटेकडे पाहणाऱ्या आईच्या ठिकाणी असते ती उत्कंठा. 'कंठ' त्या शब्दातच आहे. मान उंचावलेली आहे आणि जीव थोडा टांगलेला आहे.

इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ 'उठवणे, जागे करणे' एवढेच सांगते. मन कशासाठी जागे झाले आणि किती काळ जागे राहील, याविषयी तो शब्द मौन पाळतो. भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र हा भेद फार पूर्वी केला. उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव. हर्ष, आवेग, औत्सुक्य हे संचारी, म्हणजे येऊन जाणारे. तेव्हा 'एक्साइटमेंट'चे भाषांतर सरसकट 'उत्साह' करणे म्हणजे पाहुण्याला घरधनी ठरवणेच होय.

'एन्थुझियॅझम'ची गोष्ट आणखी मौजेची आहे. त्याचा ग्रीक अर्थ अंगी देव संचरणे. पेडण्याच्या पुनवेला अवसर पाहिलेल्या माणसास तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही! सतराव्या शतकातील इंग्रज हा शब्द धर्मवेडाच्या अर्थाने, नाक मुरडूनच वापरीत. पुढे तो सभ्य झाला.

आपल्याकडे 'उत्तेजन' या शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने चालला आहे. धार लावणे, तेज चढवणे हा त्याचा गाभा. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेमागे उभी असलेली संस्था स्वतःला वक्तृत्वोत्तेजक सभा म्हणवते, आणि शाळकरी मुलाला आजही उत्तेजनार्थ बक्षीस मिळते. पण 'उत्तेजक' म्हटले की आता खेळाडूंच्या निषिद्ध औषधांचीच आठवण आधी होते. अशा स्थितीत इंग्रजीवरून घाईने भाषांतर करणारा जेव्हा 'सहलीमुळे मुले उत्तेजित झाली' असे लिहितो, तेव्हा व्याकरण शाबूत राहते, परंतु मुलांची अब्रू जाते.

शब्दांचा हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे असेही नाही. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, यावर कौल घेण्यात आला. मोजणी संपेपर्यंत दोन्ही बाजूंस होती ती उत्कंठाच. संघप्रदेशाच्या बाजूने 1,72,191 आणि विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मते पडल्याचे जाहीर झाले, आणि त्या क्षणी एकाच उत्कंठेच्या दोन वाटा झाल्या. एका गोटात हर्ष, दुसऱ्यात क्षोभ. इंग्रजी बातमीदाराला दोन्हीकडे 'एक्साइटमेंट' लिहून भागवता आले असते. मराठीत लिहिणाऱ्याला मात्र आधी तो कोणत्या अंगणात उभा आहे हे पाहावे लागले असते.